एच-२ जनुकातला बदल टी पेशींना कसा कळतो: बीएम उंदरांवर काम करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सी५७ब्लॅक/६ (थोडक्यात बी६) जातीच्या उंदरात एच-२ के-बी (पुढे नुसतं के-बी) नावाचा एक प्रथिन रेणू जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर असतो. त्याची साखळी सुमारे साडेतीनशे अमिनो आम्लांची. त्यातली फक्त तीन बदलली की तो बीएम१ उंदीर होतो. बाकी उंदीर तसाच: रंग तोच, वजन तेच, जनुकसंचही जवळपास तोच. पण बीएम१ची कातडी मूळ जातीच्या उंदरावर कलम केली तर ती टिकत नाही. काही आठवड्यांत ती काळी पडते, आकसते आणि गळून जाते. तीन अमिनो आम्लांचा फरक टी पेशींना, म्हणजे परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, इतका स्पष्ट कळतो.

प्रतिकारशास्त्रात एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्या आणि अशा एखाद्या उत्परिवर्ती उंदरावर पहिल्यांदाच काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहितो आहे. सांगायचं मुख्य एकच आहे. एमएचसी रेणू प्रथिनांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, धरून टी पेशींना दाखवतो; उंदरात त्यालाच एच-२ म्हणतात. या रेणूतल्या बदलामुळे टी पेशींचा प्रतिसाद बदलला, तर त्यामागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात. रेणू पृष्ठभागावर नीट पोचत नसेल. पोचत असला तरी त्याच्या खोबणीत वेगळे पेप्टाइड बसत असतील. पेप्टाइड तेच असले तरी टी पेशीच्या रिसेप्टरला वरून दिसणारा भाग बदलला असेल. किंवा या तिन्हीत काही अडचण नसेल, पण त्या उंदराच्या थायमसमध्ये (टी पेशी जिथे परिपक्व होतात त्या ग्रंथीत) योग्य टी पेशी तयारच झाल्या नसतील. पहिली तीन कारणं बहुतेक जण तपासतात. चौथं राहून जातं, आणि मग प्रबंधात चुकीचं वाक्य जातं: 'बदललेला रेणू हे पेप्टाइड दाखवू शकत नाही.' म्हणून पुढचा क्रम पाळा. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीच्या निकालाला अर्थ लावू नका.

हे उंदीर आले कुठून

ऊतक-सुसंगतीच्या जनुकांचा शोध कातडी आणि गाठींच्या कलमांतूनच लागला. पीटर गोरर यांनी १९३६-३७ साली लंडनमध्ये रक्तपेशींवरचा एक प्रतिजन आणि कलम नाकारलं जाणं यांचा संबंध दाखवला. अमेरिकेत जॅक्सन लॅबोरेटरीत जॉर्ज स्नेल यांनी फक्त या एका जनुकभागात वेगळ्या असलेल्या जाती पैदा केल्या. त्या कामासाठी त्यांना १९८०चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. हा जनुकभाग उंदराच्या १७व्या गुणसूत्रावर आहे.

बीएम मालिकेतले उंदीर शोधण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यातच या उत्परिवर्तनांचा स्वभाव कळतो. दोन अंतःप्रजनित जातींच्या संकरातून झालेली पहिली पिढी जनुकीयदृष्ट्या एकसारखी असते, म्हणून तिच्यातली भावंडं एकमेकांची कातडी स्वीकारतात. बेली आणि कोन यांनी अशा भावंडांना एका साखळीत घेतलं आणि प्रत्येकाच्या शेपटीची कातडी पुढच्यावर लावली. १९६५ साली त्यांनी त्यातून सापडलेले आनुवंशिक बदल प्रसिद्ध केले. एखाद्याची कातडी बाकीच्यांनी नाकारली, तर त्याच्याकडे काहीतरी नवं आलं आहे. एखाद्याने बाकीच्यांची कातडी नाकारली, तर त्याच्याकडचं काहीतरी गेलं आहे. के-बीच्या बहुतेक उत्परिवर्तनांत दोन्ही गोष्टी एकाच वेळी झालेल्या दिसल्या. बीएम१ त्यातलाच.

या जनुकात असे बदल फार वारंवार सापडले: दर जननपेशीमागे साधारण २ × १०⁻⁴. एका जनुकासाठी हा दर खूपच जास्त आहे. पुढे न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजात स्टॅन्ली नेथनसन यांच्या गटाने आणि इतरांनी अनुक्रम काढले, तेव्हा कारण उलगडलं. सुटे अक्षरबदल नव्हतेच. शेजारच्या दुसऱ्या जनुकातला एक छोटा तुकडा के-बीमध्ये उतरला होता. या प्रक्रियेला जीन कन्व्हर्जन म्हणतात. बीएम१मध्ये १३ न्यूक्लिओटाइडच्या पट्ट्यात ७ अक्षरं बदललेली आहेत आणि तोच क्रम क्यू१० या जनुकात जसाच्या तसा आहे.

आधी पत्ता नक्की करा

काम सुरू करण्यापूर्वी आपल्या उंदराची नोंद अशी करा: कोणतं जनुक, कोणती स्थानं, कोणतं अमिनो आम्ल जाऊन कोणतं आलं. वारंवार भेटणारे काही असे आहेत.

- बीएम१ (के-बी): १५२ ग्लुटामिक आम्ल → ॲलानिन, १५५ आर्जिनिन → टायरोसिन, १५६ ल्युसिन → टायरोसिन.
- बीएम३ (के-बी): ७७ ॲस्पार्टिक आम्ल → सेरिन, ८९ लायसिन → ॲलानिन.
- बीएम५ आणि बीएम१६ (के-बी): ११६ टायरोसिन → फिनिलॲलानिन.
- बीएम८ (के-बी): २२, २३, २४ आणि ३० या चार जागा.
- बीएम१० (के-बी): १६५, १७३ आणि १७४.
- बीएम१४ (डी-बी, के-बीसारखाच दुसरा रेणू): ७० ग्लुटामिन → हिस्टिडिन.
- बीएम१२ (वर्ग दोनच्या, म्हणजे सीडी४ या मदतनीस टी पेशींना पेप्टाइड दाखवणाऱ्या, आय-ए-बी रेणूची बीटा साखळी): ६७ आयसोल्युसिन → फिनिलॲलानिन, ७० आर्जिनिन → ग्लुटामिन, ७१ थ्रिओनिन → लायसिन.

इथे एका जागी सगळे अडखळतात. हे क्रमांक परिपक्व प्रथिनाचे आहेत. संकेतस्थळावरून के-बीचा पूर्ण अनुक्रम उतरवून घेतला तर सुरुवातीला २१ अमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड असतो, जो पेशीत कापला जातो. म्हणजे १५२ ही जागा त्या अनुक्रमात १७३वी दिसेल, १५५ ही १७६वी आणि १५६ ही १७७वी. प्रायमर मागवण्यापूर्वी किंवा क्रिस्पर गाइड ठरवण्यापूर्वी हे मोजून घ्या. ताळा करायला सोपी खूण: परिपक्व साखळी ग्लायसिन-प्रोलिन-हिस्टिडिन-सेरिन अशी सुरू होते.

एक्सॉनही लक्षात ठेवा. दुसऱ्या एक्सॉनमध्ये १ ते ९० (अल्फा-१), तिसऱ्यात ९१ ते १८२ (अल्फा-२), चौथ्यात अल्फा-३. म्हणजे बीएम८साठी दुसरा एक्सॉन वाचायचा, बीएम१साठी तिसरा. जीनोटायपिंगसाठी पीसीआर करून सरळ सिक्वेन्सिंग करणं सगळ्यात भरवशाचं. मात्र एच-२ भागात के-बीसारखी दिसणारी जनुकं पुष्कळ आहेत. प्रायमर सैल असेल तर क्यू जनुकंही वाढतात आणि इलेक्ट्रोफेरोग्रामवर दुहेरी शिखरं येतात. शुद्ध बीएम१ उंदीर मिश्र वाटू लागतो. निदान एक प्रायमर इंट्रॉनमध्ये, फक्त के जनुकात आढळणाऱ्या जागी ठेवा.

तुलनेचा उंदीर निवडतानाही घाई नको. या जाती मूळ बी६पासून अनेक दशकं वेगळ्या वाढल्या आहेत. बी६च्या उपजातींतही फरक आहेत. ६जे उपजातीत एनएनटी जनुकाचा भाग गळलेला आहे, ६एनमध्ये तो शाबूत आहे. म्हणून बाजारातून आणलेला कुठलाही 'ब्लॅक सिक्स' नियंत्रण म्हणून चालत नाही. उत्परिवर्ती आणि मूळ यांचा संकर करून, पुढच्या पिढीतली एकाच विणीतली भावंडं जीनोटाइप करून तुलनेला घ्या. भारतात काम करत असाल तर प्रजननाची, कलमांची आणि किरणोत्सर्गाची परवानगी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडून आधीच घ्यावी लागते. तिच्या अर्जात या भावंडांची संख्या धरायला विसरू नका. नंतर वाढवून मागणं कटकटीचं होतं.

बदल रेणूत नेमका कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा

वर्ग एकच्या (के-बी, डी-बीसारख्या, सीडी८ या मारक टी पेशींना पेप्टाइड दाखवणाऱ्या) रेणूचा वरचा भाग म्हणजे खाली बीटा पट्ट्यांचा तळ आणि दोन बाजूंना दोन अल्फा हेलिक्स. मधल्या खोबणीत पेप्टाइड बसतं. के-बीची अशी स्फटिक रचना १९९२ साली फ्रेमाँट, विल्सन आणि सहकाऱ्यांनी दिली. १९९६मध्ये २सी नावाच्या टी पेशी रिसेप्टरसकट रचना आली. प्रथिन रचनांच्या कोशात ओव्हाल्ब्युमिनच्या पेप्टाइडसह असलेली रचना '१व्हीएसी' या नावाने आहे, आणि २सी रिसेप्टरसह असलेली '२सीकेबी' या नावाने. दोन्ही उतरवून घ्या, फुकटच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि बदललेली जागा रंगवा.

मग एकच प्रश्न विचारा: या अमिनो आम्लाची पार्श्वशृंखला कोणत्या दिशेला आहे? वर, म्हणजे रिसेप्टरकडे. आत, म्हणजे पेप्टाइडकडे. की खाली, तळात दडलेली?

बीएम१मध्ये उत्तर मिश्र येतं. १५५ वर आहे, पेप्टाइडच्या वरून झुकलेली, रिसेप्टरच्या आवाक्यात. १५२ आणि १५६ मात्र खोबणीत आत वळलेल्या. म्हणून बीएम१मधला प्रत्येक निकाल दोन प्रकारे समजावता येतो. एखादी यंत्रणा वेगळी काढायची असेल तर पहिला उंदीर म्हणून बीएम१ निवडू नका.

बीएम५ उलट फार स्वच्छ आहे. टायरोसिनच्या जागी फिनिलॲलानिन म्हणजे एक हायड्रॉक्सिल गट कमी, ऑक्सिजनचा एक अणू कमी. आणि ११६ ही जागा खोबणीच्या तळाशी, जिथे रिसेप्टर पोचूच शकत नाही. तरीही हा उंदीर सापडला तो कलम नाकारलं गेलं म्हणूनच. टी पेशीने तो ऑक्सिजन पाहिलेला नाही. त्याच्यामुळे बदललेले पेप्टाइड, किंवा तेच पेप्टाइड थोडं वेगळं बसलेलं, तिने पाहिलं. बीएम३च्या ७७व्या जागेबद्दल पुढे रचनेतूनच दिसलं की दडलेला बदल पेप्टाइडची मांडणी किंचित हलवतो आणि तेवढ्यावर २सी रिसेप्टरची पकड बदलते.

पृष्ठभागावरचं प्रमाण

फ्लो सायटोमेट्री करा, पण एका अँटिबॉडीवर विसंबू नका. अँटिबॉडी रेणूच्या ज्या भागाला चिकटते, नेमका तोच भाग उत्परिवर्तनात बदलला असेल तर रेणू भरपूर असूनही संकेत कमी येईल. वेगवेगळ्या भागांना चिकटणाऱ्या किमान दोन अँटिबॉडी घ्या. त्यातली एक शक्यतो अल्फा-३ भागाची हवी, कारण बीएम मालिकेतले बदल अल्फा-१ आणि अल्फा-२मध्ये आहेत. प्लीहेतल्या बी पेशी, थायमसमधल्या एपिथेलियल पेशी आणि डेंड्रायटिक पेशी असं तिन्ही ठिकाणी मोजा. प्लीहेत प्रमाण सारखं दिसलं म्हणून थायमसमध्येही ते तसंच असेल असं धरू नका.

सुरुवातीच्या काळात या उत्परिवर्ती उंदरांचं कोडं इथेच होतं. के-बीविरुद्धचे सीरम मूळ आणि उत्परिवर्ती रेणू जेमतेम ओळखत किंवा त्यांच्यात फरकच करू शकत नसत. टी पेशी मात्र तो फरक जोरात दाखवत. अँटिबॉडीला रेणूचं बाहेरचं अंग दिसतं, टी पेशीला खोबण आणि तिच्यातला ऐवज.

पेप्टाइड बसतं का, आणि किती वेळ टिकतं

के-बीला बहुधा आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड लागतात. पाचव्या जागी फिनिलॲलानिन किंवा टायरोसिन आणि आठव्या जागी ल्युसिनसारखं पाणी टाळणारं अमिनो आम्ल, ही त्याची पसंती. ट्यूबिंगनमधल्या रॅमेन्सी यांच्या गटाने १९९१मध्ये पेप्टाइड धुऊन काढून हे नमुने दाखवले. नेहमीचं उदाहरण ओव्हाल्ब्युमिनचं २५७ ते २६४, म्हणजे सिनफेकल: सेरिन, आयसोल्युसिन, आयसोल्युसिन, ॲस्पॅराजिन, फिनिलॲलानिन, ग्लुटामिक आम्ल, लायसिन, ल्युसिन. पाचवं फिनिलॲलानिन आणि शेवटचं ल्युसिन खोबणीत रुततात. ॲस्पॅराजिन, ग्लुटामिक आम्ल आणि लायसिन वर, रिसेप्टरकडे राहतात.

बंध मोजायला टॅप वाहक नसलेल्या पेशी वापरा. आरएमए-एस पेशींत पेप्टाइड आत पोचत नाहीत, म्हणून त्यांच्यावरचे वर्ग एकचे रेणू रिकामे आणि अस्थिर असतात. २६ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवलं तर ते रिकामे रेणू पृष्ठभागावर जमतात. मग पेप्टाइड द्यायचं, ३७ अंशांवर आणायचं आणि दोन-तीन तासांनी मोजायचं. ज्यांच्यात पेप्टाइड घट्ट बसलं तेवढेच रेणू उरतात. पण आरएमए-एसकडे स्वतःचं के-बी आहे, त्यामुळे तिच्यात बीएम१ घातला तर कोण कुणाचं हे कळत नाही. त्याऐवजी मानवी टी२ पेशी घ्या. त्यांच्यातही टॅप नाही आणि उंदराचं एच-२ अजिबात नाही. एका पेशीओळीत के-बी, दुसरीत उत्परिवर्ती, दोन्हींत प्रमाण सारखं ठेवलेलं.

नुसतं 'बसलं' एवढ्यावर थांबू नका. ब्रेफेल्डिन-ए देऊन नवे रेणू वर येणं बंद करा आणि दर तासाला मोजत राहा. वेगाने सुटणारं पेप्टाइड सुरुवातीच्या मोजणीत चांगलं दिसतं. उंदराच्या शरीरात मात्र त्याचा उपयोग होत नाही. कल्चरमध्ये वासराचं सीरम असेल तर त्यातलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन उंदराच्या साखळीची जागा घेतं आणि रेणू स्थिर करतं, म्हणून सगळ्या नळ्यांत सीरमचं प्रमाण एकच ठेवा.

टी पेशीला विचारा, पण संहतींची पूर्ण मालिका लावून

ओटी-१ उंदराच्या सीडी८ पेशींचा रिसेप्टर के-बीवरचं सिनफेकल ओळखतो. त्यांना के-बीच्या आणि उत्परिवर्ती रेणूच्या पेशी द्या, पेप्टाइड १०⁻⁶ मोलरपासून १०⁻¹² मोलरपर्यंत दसपटीने उतरवत. चार तासांनी सीडी६९, रात्रभराने इंटरफेरॉन-गॅमा आणि तीन दिवसांनी विभाजन पाहा.

एकाच, मोठ्या संहतीवर केलेला प्रयोग बहुतेक वेळा फसवतो. मायक्रोमोलर पातळीवर कमजोर बंधही पुरेसा ठरतो आणि दोन रेणू सारखेच वाटतात. वक्र उजवीकडे किती सरकला ते महत्त्वाचं. शंभरपट सरकला आणि बंधाच्या चाचणीतही तेवढाच फरक असेल, तर दोष खोबणीतला. बंध सारखा असूनही वक्र सरकला, तर वरचा चेहरा बदलला आहे. या फरकाला आधार म्हणून बदललेले पेप्टाइडही लावा: चौथ्या जागी थ्रिओनिन किंवा व्हॅलिन असलेले सिनफेकलचे प्रकार ओटी-१ला क्रमाक्रमाने कमी उत्तेजित करतात, त्यामुळे मोजपट्टी तयार मिळते.

सीडी८चा वाटाही वेगळा काढा. सीडी८ अल्फा-३ भागाला धरतो आणि २२७व्या जागी बदल केला की ती पकड सुटते. तो बदल घातलेले टेट्रामर (चार एमएचसी-पेप्टाइड एकत्र जोडून रंगवलेला शोधक) वापरले तर दिसणारी ओळख फक्त रिसेप्टरची असते.

बीएम१ सिनफेकल ओटी-१ला दाखवू शकत नाही, आणि ही उणीव फार कामाची ठरली. मेलबर्नमध्ये कुर्ट्स, हीथ, कार्बोन, मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९६च्या प्रयोगांत स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत ओव्हाल्ब्युमिन बनवणारे उंदीर घेतले. ऊतकं आणि अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी यांपैकी एकीकडे के-बी आणि दुसरीकडे बीएम१ अशी जोडणी केली की पेप्टाइड नेमकं कोण दाखवतं हे वेगळं काढता आलं. दुसऱ्या ऊतकातलं प्रथिन उचलून अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी ते टी पेशींपुढे मांडतात, हे त्यातून स्पष्ट झालं.

थायमसची पायरी: बीएम८ने शिकवलेलं

आता या लेखातल्या सगळ्यात महत्त्वाच्या पायरीकडे. बीएम८चे चारही बदल २२ ते ३० या पट्ट्यात, खोबणीच्या तळात आणि त्याखाली आहेत. रिसेप्टर त्यांना शिवत नाही. बीएम८च्या पेशी सिनफेकल चांगलं दाखवतात. बी६मधून आलेल्या मारक टी पेशी त्या पेशींना ओळखतात आणि मारतात. तरीही बीएम८ उंदराला ओव्हाल्ब्युमिन देऊन बघितलं तर त्या पेप्टाइडविरुद्ध मारक पेशी तयार होत नाहीत. निकोलिच-झुगिच आणि बेव्हन यांनी १९९० साली हे मांडलं.

म्हणजे पेशी दाखवते, पण पाहणारं कुणी नाही. थायमसमध्ये टी पेशींची निवड होते तेव्हा तिथल्या एपिथेलियल पेशींवरच्या एमएचसीत स्वतःच्या शरीराचे पेप्टाइड बसलेले असतात. बीएम८चा तळ बदलल्यामुळे ते स्व-पेप्टाइड बदलले आणि सिनफेकल ओळखणाऱ्या टी पेशींची सकारात्मक निवड (उपयोगी टी पेशी जगवणारी) झाली नाही. निवडीत स्व-पेप्टाइडांचा सहभाग असतो या मताला याने मोठा आधार मिळाला. मला या सगळ्या मालिकेत हा प्रयोग सर्वांत सुंदर वाटतो: बदल रिसेप्टरच्या दृष्टीआड, आणि परिणाम संपूर्ण उंदराच्या टी पेशींच्या भांडारावर.

आपल्या उंदरात हे वेगळं करायचं तर तीन प्रयोग करा.

पहिला, अदलाबदल. बी६मध्ये तयार झालेल्या टी पेशींना उत्परिवर्ती पेशी लक्ष्य म्हणून द्या. लक्ष्य मारलं गेलं, पण उत्परिवर्ती उंदराने स्वतः प्रतिसाद दिला नाही, तर संशय थायमसवर घ्या.

दुसरा, संकराची पहिली पिढी. बी६ आणि उत्परिवर्ती यांच्या पिल्लात दोन्ही रेणू असतात. सादरीकरणाचा किंवा सकारात्मक निवडीचा अभाव असेल तर मूळ के-बी ती कमी भरून काढतो आणि पिल्लू प्रतिसाद देतं. त्या टी पेशी उत्परिवर्ती रेणूमुळे नकारात्मक निवडीत मारल्या जात असतील, तर के-बी असूनही पिल्लू गप्प राहतं. उंदीर कमी लागतात, खर्च कमी होतो आणि निकाल स्पष्ट मिळतो. म्हणून हा प्रयोग आधी करावा.

तिसरा, अस्थिमज्जा कायमेरा. मारक मात्रेचे किरण दिलेल्या बीएम८ यजमानाला टी पेशी काढून टाकलेली बी६ची मज्जा द्या, आणि दुसऱ्या गटात उलटं. निवड करणाऱ्या एपिथेलियल पेशी किरणांना टिकतात, त्या यजमानाच्या राहतात. पेप्टाइड दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशी नव्या मज्जेतून येतात. बी६ मज्जा घेतलेला बीएम८ यजमान गप्प राहिला तर दोष निवडीतला. तो प्रतिसाद देऊ लागला तर दोष दाखवणाऱ्या पेशींतला. सीडी४५.१ आणि सीडी४५.२ या पृष्ठभागावरच्या दोन खुणांनी दात्याच्या आणि यजमानाच्या पेशी ओळखा, निदान आठ आठवडे थांबा आणि यजमानाच्या किती टी पेशी उरल्या हे प्रत्येक उंदरात मोजा. बी६चा मज्जा बी६ यजमानाला, बीएम८चा मज्जा बीएम८ यजमानाला असे दोन गट सोडू नका. किरणांनी स्वतःच प्रतिसाद किती कमी झाला हे फक्त त्यांच्यावरून कळतं.

विषाणूंच्या बाबतीतही हाच विचार लागू करा. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४मध्ये कॅनबेऱ्यात एलसीएम विषाणू वापरून दाखवलं की मारक टी पेशीला विषाणू आणि स्वतःचा एमएचसी दोन्ही एकत्र लागतात. १९९६चं नोबेल त्यासाठीच मिळालं. लगेच दोनच वर्षांत के-बीचे उत्परिवर्ती उंदीर घेऊन झिंकरनागेल यांनी ही अट के-बीच्या एकाच जनुकापर्यंत नेऊन पोचवली. सेंडाई विषाणूविरुद्ध बी६ उंदीर जोमाने मारक पेशी तयार करतो, बीएम१ करत नाही. बीएम१ 'विषाणूला प्रतिसाद देत नाही' असं लिहिताना कोणता विषाणू आणि कोणत्या रेणूमार्फत, हे सोबत लिहाच. डी-बी त्याच्यात शाबूत आहे.

परक्याची ओळख: मिश्र लसीका अभिक्रिया आणि कलम

आता उलट दिशा. बी६च्या टी पेशींना उत्परिवर्ती रेणू परका वाटतो का? २० ते ३० ग्रे किरण दिलेल्या उत्परिवर्ती प्लीहा पेशी उत्तेजक म्हणून, सीएफएसईने (पेशी विभागेल तसा फिका होणाऱ्या रंगाने) रंगवलेल्या बी६ टी पेशी प्रतिसादक म्हणून, चार-पाच दिवस. सोबत बी६ विरुद्ध बी६ आणि बी६ विरुद्ध बॅल्ब/सी. परक्या एमएचसीला ओळखणाऱ्या टी पेशींचं प्रमाण साध्या प्रतिजनाच्या तुलनेत खूपच जास्त असतं, एकूण पेशींच्या टक्क्यांच्या घरात. म्हणून पार्श्वभूमीवरची वाढही जास्त दिसते, आणि बी६ विरुद्ध बी६ची नळी नसेल तर निकाल वाचता येत नाही.

बीएम१ आणि बीएम१२ ही जोडी इथे अमूल्य आहे. बीएम१मध्ये फरक फक्त वर्ग एकचा, म्हणून बी६चा प्रतिसाद मुख्यतः सीडी८ पेशींचा. बीएम१२मध्ये फरक फक्त वर्ग दोनचा, म्हणून मुख्यतः सीडी४ पेशींचा. कलम-विरुद्ध-यजमान विकाराचं शास्त्र या जोडीवर बरंच पुढे गेलं.

कलम लावताना एकाच यजमानावर तीन तुकडे लावा: स्वजातीचा, उत्परिवर्ती आणि पूर्ण परका. पट्टी काढल्यावर रोज पाहा. कडा कडक होणं, रंग जाणं, केस न उगवणं या खुणा कुठल्या जीनोटाइपचं कलम आहे हे माहीत नसलेल्या व्यक्तीने नोंदवायला हव्यात. स्वजातीचा तुकडाही गळला तर तो उंदीर मोजणीतून बाहेर, कारण दोष शस्त्रक्रियेचा आहे.

बीएम१२ आणि वर्ग दोन

बीएम१२चे तीन बदल आय-ई बीटा जनुकातून आलेल्या तुकड्यामुळे झाले. बी६ उंदीर गाईच्या इन्सुलिनला प्रतिसाद देतो, बीएम१२ देत नाही, पण इतर काही प्रतिजनांना व्यवस्थित देतो. बीएम१२ मादी नराची कातडी नाकारत नाही, बी६ मादी नाकारते. इन्सुलिनच्या बाबतीत १९८१च्या कामात दोष प्रतिजन दाखवणाऱ्या पेशींचा निघाला. बीएम८च्या निष्कर्षाच्या नेमकं उलट! म्हणून एका उंदराचं कारण दुसऱ्याला चिकटवू नका. प्रत्येक प्रतिजनासाठी अदलाबदलीचा प्रयोग नव्याने करा.

बीएम१२च्या सीडी४ पेशी बी६ उंदरात सोडल्या की काही आठवड्यांत डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी दिसू लागतात. ल्युपसच्या अभ्यासात हे प्रारूप वापरतात. सीडी४ पेशींना बी६च्या बी पेशींवरचा आय-ए-बी परका वाटतो आणि त्या बी पेशींना त्या सतत मदत करत राहतात.

एनके पेशी विसरू नका

मज्जा किंवा प्लीहा पेशी टोचल्यावर उत्परिवर्ती पेशी कमी उरल्या, तर ते टी पेशींमुळेच झालं असं गृहीत धरू नका. कॅरे यांच्या स्टॉकहोममधल्या कामापासून माहीत आहे की ओळखीचा वर्ग एकचा रेणू नसलेल्या पेशींना एनके (नॅचरल किलर) पेशी मारतात. एलवाय४९सी हा रोधक रिसेप्टर के-बीला खोबणीच्या खालून धरतो, पण खोबणीत कोणतं पेप्टाइड आहे यावर त्याची पकड अवलंबून असते. त्यामुळे रिसेप्टरच्या जागेपासून दूर असलेला बदलही एनके पेशींना जाणवू शकतो.

यासाठी दोन्ही प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या पातळीच्या सीएफएसईने रंगवून, समान प्रमाणात मिसळून एकाच यजमानात टोचा. एका गटात एनके१.१विरुद्ध अँटिबॉडी देऊन एनके पेशी काढून टाका. दोन दिवसांत प्लीहेतलं प्रमाण पाहा. एनके काढल्यावर फरक मिटला तर तो त्यांचा होता. फरक राहिला आणि आठवडाभराने वाढत गेला तर टी पेशींकडे वळा, आणि सीडी८ काढून तोच प्रयोग पुन्हा लावा.